उसना दशक

फेब्रुवारीतले मंगळवार.
टोलेडोच्या ग्रंथालयात, तळघरात, बॉयलरच्या खोलीशेजारी
मी लोकांचे कर भरून देते. फुकट.
अडतीस वर्षं तिसरीला गणित शिकवलं,
आता त्याच पोरांच्या वयाचे आईबाप
समोर बसतात
आणि पाकिटं ओततात टेबलावर.

आज ब्रिएन नॉवाक.
बस चालवते, पहाटे साडेचारची पाळी.
अंगावर अजून गणवेश,
बुटांना रस्त्यावरच्या मिठाची पांढरी किनार.
मांडीवर मायलो, दोन वर्षांचा,
माझ्या कॅलक्युलेटरचं शून्य दाबत बसलेला.
दाबतो. पुन्हा दाबतो.
शून्याचं त्याला फार कौतुक.

याला कोण सांभाळतं?
व्हर्ना. समोरचंच घर.
पावणेचारला दार उघडते,
हा झोपेतच
एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो.
वर्षाचे किती?
ती आकडा सांगते, हळू,
कुणी दुखण्याचं नाव सांगावं तसा.
घरभाड्याहून जास्त.
फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन आहे,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
मी अक्षर बारीक काढते.

मग ओळीओळीने खाली उतरत
सवलतीपाशी पोचते.
सवलत आहे, ब्रिएन. आहे.
पण ती करातून वजा होते,
आणि तुझा कर आधीच शून्यावर आलाय.
शून्यातून काय वजा करणार?

ती हसते.
"म्हणजे मी पुरेशी गरीब नाही, का जरा जास्तच आहे?"
मी चष्मा पुसते. स्वच्छच होता तो.

वर्गात मी सांगायचे:
वरचा अंक लहान पडला तर घाबरायचं नाही,
शेजारच्या घरी जायचं,
दशक उसना मागायचा.
मागायला लाज कसली.
पण शेजाऱ्याचा अंक खोडायला विसरू नका,
त्याचा एक कमी झालेला असतो.
निम्मी पोरं तेवढंच विसरायची.

मीही विसरले असते,
पण पुढच्या मंगळवारी त्याच खुर्चीत व्हर्ना गेन्स.
बुटांचा खोका, खोक्यात पावत्या:
दूध, रंगीत खडू, तापाचं औषध,
जिन्याला बसवलेलं लाकडी फाटक.
ब्रिएनच्या फॉर्मवरचा आकडा
इथे मिळकत म्हणून वर येतो.
तोच. पै न पै जुळतो.
तिकडे डोंगर होता.
इकडे खर्च वजा करून तासांनी भागला
तर तासाला एक कप कॉफी, तीही अर्धी.

"दर वाढव ना जरा."
"कुणाकडून घेऊ?" व्हर्ना म्हणते. "ब्रिएनकडून?"

कोलंबसला सुनावणी होती.
सवलत वाढवावी,
आणि कर शून्य असला तरी रक्कम हातात पडावी,
असं काहीसं विधेयक.
ब्रिएनला सुट्टी मिळेना.
व्हर्नाकडे पाच पोरं, त्यातलं एक गोवराच्या संशयातलं.
म्हणून मी गेले.
बोलायला तीन मिनिटं.
दोन तर माईक खाली करण्यातच गेली.

एका सभासदाने विचारलं, सभ्यपणे,
हा पैसा येणार कुठून?
प्रश्न बरोबर होता. मी पूर्ण गुण दिले असते.
म्हटलं, साहेब, आजही तो येतोच आहे कुठून तरी.
शेजारच्या घरातून.
फक्त तिथला अंक कुणी खोडत नाही,
म्हणून उत्तर बरोबर आल्यासारखं दिसतं.
लाल दिवा लागला.
त्याने मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं.

निकाल अजून नाही.
समितीकडे आहे, म्हणतात. एप्रिल संपला.

काल कॅलक्युलेटर काढला, घरचा किराणा जुळवायला.
शून्याचं बटण चिकट झालंय,
कसलासा गोड हात लागलाय त्याला.
एकदा दाबलं की दोन शून्यं उमटतात.
पुसायला हवं.